माझ्या भावाचा निकाल वाचून दाखवणाऱ्या भाऊसाहेबांस

आदरणीय भाऊसाहेब,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठे येऊ नये, असे आपण बजावले होते, ते मी पाळते आहे. तरीही नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहाबाहेर मुलाखतीच्या रांगेत माझ्यासारख्या ज्या आया-बहिणी उभ्या असतात, त्यांच्यापर्यंत आपण केलेले काम पोहोचावे, म्हणून हे आभाराचे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझ्या धाकट्या भावाला खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना वाचन शिकवत होते, आणि त्याच्या शिक्षेचा चौऱ्याहत्तर पानांचा इंग्रजी निकाल मात्र मला वाचता येत नव्हता. खटला चालवणाऱ्या वकिलांनी अपिलासाठी सांगितलेली रक्कम आमच्या आवाक्याबाहेरची होती. आणखी एका गृहस्थाने दोन लाखांत ‘जामिनाचे काम’ करून देतो, असे सांगितले आणि आईने त्यासाठी जमीन काढायची तयारीही केली. या धावपळीत उच्च न्यायालयात अपील करण्याची साठ दिवसांची मुदत केव्हा उलटली, ते कळलेच नाही. दार बंद झाले, अशीच आमची समजूत होती. शाळेतील एका बाईंनी आपला पत्ता दिला, तेव्हा मी आशेने नाही, केवळ निकालात काय लिहिले आहे ते कळावे म्हणून दिंडोरीहून पंचवटीत आपल्याकडे आले.

आपण आयुष्यभर न्यायालयाच्या कचेरीत काम केलेले. पहिल्याच दिवशी आपण म्हणालात, “ताई, तुमचा भाऊ निर्दोष आहे का, ते मला सांगता येणार नाही. पण कागद पूर्ण वाचल्याशिवाय ते कोणालाच सांगता येणार नाही.” त्या दिवशी मला हे बोलणे कठोर वाटले होते. त्यानंतर सलग नऊ रविवार आपण ओट्यावर बसून एकेक परिच्छेद इंग्रजीत वाचलात, त्याचा अर्थ मराठीत सांगितलात आणि माझ्याकडून शाळेच्या वहीत तारीख, वेळ, साक्षीदार आणि पान क्रमांक असा तक्ता करून घेतलात. त्यातही भावाच्या विरुद्ध जाणारे मुद्दे आपण आधी लिहायला लावलेत. त्या रात्री आठच्या सुमारास त्याला मयताबरोबर पाहणारा साक्षीदार आणि पंचनाम्यात त्याच्याकडून जप्त दाखवलेला मोबाइल, हे दोन मुद्दे लिहिताना माझा हात थांबला होता. “सरकारी वकील हेच वाचणार आहेत, मग आपण आधी का वाचू नये?” असे आपण विचारलेत.

भाजीचा माल घेऊन त्या रात्री मी वाशीच्या बाजारात गेलो होतो, असे भाऊ पहिल्यापासून सांगत होता. घोटीच्या टोलनाक्यावरून गाडी गेल्याची फास्टॅगची नोंद बँकेच्या खाते उताऱ्यात वेळेसह होती, पण तो उतारा खटल्यात कोणी हजरच केला नव्हता. तो हाती आला तेव्हा मला रडू कोसळले. आपण मात्र लगेच सांगितलेत की ही नोंद गाडीची आहे, गाडी कोण चालवत होते ते तिच्यावरून ठरत नाही. म्हणून पुढच्या मुलाखतीत रडण्यात वेळ न घालवता त्याला तीनच प्रश्न विचारायचे, असे आपण लिहून दिलेत : माल कोणत्या गाळ्यावर उतरवला, पावतीवर सही कोणी केली आणि सोबत कोण होते. जाळीपलीकडून त्याने दिलेल्या उत्तरांवरूनच गाळ्यावरची, त्याच्या सहीची पावती सापडली. अपिलातही जादा पुरावा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, हे आम्हाला तोवर कोणी सांगितले नव्हते.

मला पगार आहे, म्हणून मोफत वकील मिळणार नाही, असे मी धरून चालले होते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेली व्यक्ती, म्हणजे शिक्षा भोगणारा बंदीसुद्धा, मोफत विधी साहाय्याला पात्र असते आणि त्यासाठी तिच्या किंवा घरच्यांच्या उत्पन्नाची अट नसते, हे आपण ते कलम माझ्यासमोर ठेवून दाखवलेत. रांगेतल्या बहिणींनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी. अर्ज कारागृहातील विधी साहाय्य केंद्रामार्फत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो, उच्च न्यायालयातील अपिलासाठी तेथील विधी सेवा समिती वकील देते, आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. वकालतनाम्यावर भावाची सही कारागृहातच झाली.

मुदतीविषयी आपण मला १९७८ सालचा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल समजावून सांगितलात. त्या बंद्याला उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेवर न मिळाल्याने सर्वोच्च न्यायालयात जायला चार वर्षांहून अधिक उशीर झाला होता. त्याची स्वतःची याचिका फेटाळली गेली, पण शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे आणि गरज असेल तर अपिलासाठी वकीलही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात लिहून ठेवले. स्वतः हरलेल्या त्या माणसाचा उपयोग माझ्या भावाला इतक्या वर्षांनी झाला, याचे मला फार वाटते. आमच्या विलंबमाफीच्या अर्जात कोणत्या दिवशी काय घडले ते लपवाछपवी न करता मांडले होते, आणि तो मंजूर झाला.

आई खचली होती, तेव्हा आपण तिला जालना जिल्ह्यातील २००३ सालच्या गुन्ह्याची हकिकत सांगितलीत. ज्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी सुनावली होती, त्यांना त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने आधी पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळेच चौघे ओळखले होते, हे त्या प्रकरणाच्या कागदांतच होते. आईने फक्त एवढेच विचारले, “मग आधी कोणी वाचले नाही का?”

अपील दाखल करून घेतले गेले आहे, खालच्या न्यायालयाचे कागद मागवले आहेत आणि शिक्षा स्थगित करण्याच्या अर्जावर सुनावणी व्हायची आहे. निकाल काय लागेल, ते मी आपल्याच शिकवणीमुळे गृहीत धरत नाही. मात्र भाऊ आता मुलाखतीत “माझे काय होणार?” असे विचारत नाही, तर कोणत्या पानावर काय आहे, ते विचारतो. आपल्या पेन्सिलीच्या खुणा असलेल्या निकालाची एक झेरॉक्स मी त्याला कारागृहात पाठवली आहे.

आपण बसभाड्याचे पैसेही घेतले नाहीत. येत्या रविवारी आईला घेऊन येते. तिला आपल्याला स्वतः भेटायचे आहे, आणि दहावा रविवार म्हणून आपण साक्षीदार क्रमांक पाचची उलटतपासणी पुन्हा वाचायची ठेवली आहे, ती वहीही सोबत आणते.

आपली कृतज्ञ,
एका बंद्याची बहीण
दिंडोरी, जि. नाशिक