टिंगल कोणाची?

ॲनिमेशन मालिका विवाहसंस्थेची टिंगल करतात, हा रविवार पुरवणीतील लेखाचा सूर पटला नाही. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेचा १९९० मधला ‘लाइफ ऑन द फास्ट लेन’ हा एमी पुरस्कारप्राप्त भाग पाहावा. त्यात होमर बायकोला, मार्जला, वाढदिवसाला बोलिंगचा चेंडू देतो, तोही स्वतःचे नाव कोरलेला! चिडलेली मार्ज मुद्दाम खेळ शिकायला जाते आणि प्रशिक्षक जॅकमध्ये गुंतत जाते. त्याने दिलेला हातमोजा होमरच्या हाती लागतो. मात्र तो आकांडतांडव करत नाही. तिने करून दिलेल्या सँडविचचे अडखळत कौतुक करतो. जॅककडे निघालेली मार्ज अखेर गाडी वळवते ती नवरा काम करतो त्या अणुवीज प्रकल्पाकडे. टिंगल आहेच, पण नवऱ्याच्या बेफिकिरीची. आपल्या दैनंदिन मालिकांत अशा प्रसंगी कटकारस्थानांपलीकडे फारसे काही सुचत नाही.

– एक वाचक, ठाणे