डावा हात फक्त आधाराला
ठाणे, रविवार रात्र

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलेला सिनेमा काल एकदाचा बघितला. ‘द फर्स्ट स्लॅम डंक’, तो जपानी अ‍ॅनिमेशनपट. तीन महिने टाळत होते, खोटं कशाला बोलू? कार्टूनमध्ये कसला आलाय बास्केटबॉल, असं वाटायचं. हिंदी सिनेमातली नायिका बॉल काखोटीला मारून दहा पावलं पळते नि रेफ्रीची शिट्टी वाजत नाही, हे बघून माझी श्रद्धा केव्हाच उडालीय. काल मात्र पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा ओरडले. बाबा पेपर घेऊन आत गेले.

आधी कान टवकारले. बुटांचं ते चुईं चुईं, आणि रिंगला न शिवता बॉल जाळीतून गेला की होणारा ‘सप्’! मग पाय बघायला लागले. ज्याच्याकडे बॉल नाही तोही सारखा हलतोय, कुणाला अडवतोय, जागा करून देतोय. सिनेमावाल्यांना हे कधी दिसतच नाही, त्यांचा कॅमेरा बॉलमागे धावतो. नंतर वाचलं, की खऱ्या खेळाडूंच्या हालचाली टिपून त्यांवर चित्रं चढवलीत. शिवाय दिग्दर्शक इनोउए, ज्याने १९९० ते १९९६ याची मूळ कॉमिक काढली, तो स्वतः शाळेत खेळायचा. तरीच!

आणि गोष्ट पॉइंट गार्डची, बॉल पुढे नेऊन खेळ मांडणाऱ्याची! मियागी १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. रस्त्यात कुणी त्याला बुटका म्हणणार नाही, कोर्टवर मात्र सगळे त्याच्या डोक्यावरून बघतात. मी पाच फूट एक इंच. कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर पाऊस थांबला की गोणपाटाने पाणी पुसून आम्ही खेळायचो. माटुंग्याला डॉन बॉस्कोत सॅव्हिओ कप ही बास्केटबॉलची स्पर्धा लागली की लोकलने जाऊन नागपाड्याच्या पोरांचे पास बघायचे नि दुसऱ्या दिवशी इथे तसेच टाकायला जाऊन चुकायचं.

हाफटाइमनंतर समोरची टीम झोन प्रेस लावते, बॉलवाल्याला त्याच्याच अर्ध्यात घेरते, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुला तो नुसता सीन वाटला असेल. बॉल आत आला रे आला की दोघं अंगावर येतात. मागे रेषा, समोर चार लांब हात, वर बघावं तर छत दिसत नाही. तेव्हा अर्धं कोर्ट ओलांडायला दहा सेकंद मिळायचे (आता आठ), आणि ती मनात मोजता मोजताच संपायची. आमची एक अख्खी मॅच अशा प्रेसमध्ये गेली. चूक माझीच, उंच पास टाकत राहिले. मियागी काय करतो बघ. वरून नाही, खालून जातो. गुडघ्याएवढा ड्रिबल, आणि दोघांच्या मधल्या फटीतून बाहेर. मी सोफ्यावरून उठलेच. शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

तक्रारही आहे. मॅच ऐन भरात आली की फ्लॅशबॅक! वीसहून जास्त पॉइंटांनी मागे पडलेली टीम वर येतेय आणि हे आपले समुद्रकिनाऱ्यावर. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ मला सलग दाखवले असते तरी मी तक्रार केली नसती.

पण त्याच फ्लॅशबॅकमध्ये ती आई आहे. थोरला मुलगा समुद्रात गेलेला, तोही खेळणारा. धाकट्याच्या हातातला बॉल बघवतही नाही नि काढूनही घेता येत नाही. मॅचच्या आदल्या रात्री मियागी तिला पत्र लिहितो. आधी लिहिलेलं चुरगाळून टाकतो आणि मग खेळू दिल्याबद्दल आभार मानतो. आणि ती न सांगता येऊन प्रेक्षकांत बसते. आरडाओरडा नाही, सूचना नाहीत.

मी कशी बसायचे ते तुला माहीतच आहे. शाळेच्या मॅचना रेषेला चिकटून उभी! “डावा हात फक्त आधाराला! कोपर आत!” तुझे कोच हसायचे, आणि तुझे कान लाल व्हायचे. नववीत तू खेळ सोडलास. अभ्यासाचं कारण दिलंस, मीही ते मानून घेतलं. सोयीचं होतं.

शेवटी सिनेमा आवाजच बंद करतो. बूट नाहीत, घड्याळ नाही, प्रेक्षक नाहीत. मियागीच्या टीममधला तो लाल केसांचा दांडगोबा बास्केटच्या एका बाजूला पासची वाट बघतो आणि त्याचे ओठ हलतात. ऐकू काहीच येत नाही, पण उजव्या तळव्यावर बॉल, डावा बाजूला नुसता टेकवलेला, हे बघून मला कळलं तो काय पुटपुटतोय. ७९-७८. एका पॉइंटने. मी रडले ते जिंकल्यामुळे नव्हे, एवढंच सांगते.

तुला हा सिनेमा का आवडला, ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारत नाही. दिवाळीला येशील तेव्हा सकाळी लवकर खाली कोर्टवर जाऊ, सातनंतर पोरं क्रिकेटसाठी अडवतात. मी रिबाउंड देईन, रिंगवरून आलेला बॉल तुला परत टाकीन. तोंड बंद ठेवीन. प्रयत्न करीन.

तुझी,
आई

ता. क. बॉल सापडला, पार चपटा झालाय. पंप कुठे ठेवलायस? माळ्यावर नाही.