पाया पडणे दोन्ही बाजूंनी असते

महोदय,

आषाढी वारीत ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या, की भवानी पेठ आणि नाना पेठेत सेवेची लगबग सुरू होते. गेल्या वर्षी माझा मुलगा, जो स्वतःला आस्तिक म्हणवत नाही, मित्रांबरोबर नाना पेठेतल्या फुटपाथवर वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला बसला होता. टाचांच्या भेगांत चिखल वाळलेल्या एका आजींचे पाय त्याने बराच वेळ चोळून दिले. उठताना आजी "माउली" म्हणत वाकल्या आणि त्यांनी त्याच्या पायांना हात लावला. तो ओशाळला. घरी येऊन त्याने विचारले, "मी देव मानत नाही, वयाने त्यांच्या नातवाएवढा, मग त्या माझ्या पाया का पडल्या?"

वारीत पाया पडणे दोन्ही बाजूंनी असते, समोरच्याचे वय, जात किंवा श्रद्धा न विचारता, आणि त्यामुळे देणारा मोठा होत नाही की घेणारा लहान होत नाही, एवढेच मी त्याला सांगू शकलो. धावपळीच्या जगण्यात अर्थ शोधणाऱ्या त्याच्या पिढीला या वाकण्यात काही सापडेल, असे मला मनापासून वाटते. मात्र श्रद्धा असली की नीती आपोआप येते, असे मी म्हणणार नाही. याच परंपरेत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर राहिली, आणि पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. पुण्यातही जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा भोवतालच्या धार्मिक म्हणवणाऱ्या पेठांतले पाणवठे त्यांना बंदच होते.

आजही अन्नदानाच्या मंडपांवर देणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे फ्लेक्स लागतात, आणि भुकेल्या माणसाला फोटो निघेपर्यंत पाकीट हातात धरून उभे केले जाते. तिथे कोण कोणापुढे वाकते?

दुसऱ्यांचेच कशाला सांगू? वारकऱ्यांना दरवर्षी हौसेने जेवू घालणाऱ्या आमच्या सोसायटीत कचरा नेणाऱ्या मावशींनी लिफ्ट वापरू नये, अशी पाटी आहे. भरलेल्या बादल्या घेऊन त्या चार मजले उतरतात. मी सभेत विषय काढला, तो पुढच्या सभेवर ढकलला गेला. यंदा पालख्या शहरात येण्याआधी ती पाटी काढावी, अशी मागणी मी लेखी दिली असून तिच्याखाली माझ्या मुलाचीही सही आहे.

— एक वाचक, पुणे