व्यवसाय कराच्या २५०० रुपयांबद्दल वित्तमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये पीटी म्हणजे व्यवसाय कर कापलेला असतो, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे झाले २५००. महिना साडेदहा हजार मिळवणारा वॉचमन एवढेच भरतो आणि महिना पाच लाख घेणारा मॅनेजर पण एवढेच, हे मला अजिबात पटत नाही.

तुम्ही म्हणाल आमचे हात बांधलेत. खरंय ते, घटनेच्या कलम २७६ मध्येच लिहिलंय की एका माणसाकडून व्यवसाय कर वर्षाला २५०० च्या वर घ्यायचा नाही. १९५० ला ही मर्यादा २५० होती, १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने २५०० केली आणि तेव्हापासून तिथेच अडकलीय. इकडे जीएसटी आल्यावर राज्याकडे स्वतःचे कर उरले किती, पेट्रोल-डिझेलचा व्हॅट, दारू, स्टॅम्प ड्युटी, गाड्यांचा टॅक्स, वीज शुल्क, असे मोजकेच. मग पैसे कमी पडले की व्हॅट वाढवा नाहीतर कर्ज काढा, आणि व्हॅट तर गरीब माणूस पण तेवढाच भरतो.

बरं, मर्यादा वरची आहे. कमी पगारवाल्याकडून घ्याच असं घटना कुठे म्हणते? महिलांना महिना २५ हजार पगारापर्यंत माफी दिलीत ते फार चांगलं केलंत, पण पुरुषांचा कर साडेसात हजारांच्या पुढे लगेच सुरू होतो, ते तर पूर्ण राज्याच्या हातात आहे.

हा कर बंद करा असं मी म्हणत नाहीये. १९७५ चा कायदा रोजगार हमीसाठी झाला होता, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या योजनेसाठी, दुष्काळात खेड्यातल्या माणसाला काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारदाराने वाटा उचलला, मला याचा खरंच अभिमान वाटतो.

म्हणून सांगतो, येत्या बजेटमध्ये पुरुषांची माफी पण २५ हजारांवर न्या. आणि विधिमंडळात ठराव करून केंद्राकडे मागणी करा की २७६ ची मर्यादा वाढवा. मर्यादाच काढून टाका असं नको, नाहीतर कुठलंही सरकार मनाला येईल तेवढा कर लावेल, पण केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा ठरवणारा वित्त आयोग दर वेळी नवा येतो तेव्हा, म्हणजे पाच वर्षांनी, ती तपासली जावी. वाढलेला पैसा रोजगार हमीवरच खर्च होईल हे पण त्याच ठरावात लिहा, आणि किती जमा झाला, कुठे गेला, याचा हिशोब दरवर्षी सभागृहात मांडा.

आपला,
एक पगारदार करदाता