'अमेरिकेने अखेर कबूल केले' म्हणे! काय कबूल केले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला उडत्या तबकड्यांवरचा पानभर लेख वाचला. हेडिंग एवढं मोठं की आत काहीतरी असेलच असं वाटलं. नक्की कबूल काय केलं ते शोधत शेवटच्या ओळीपर्यंत गेलो, परत वर आलो, पण नाही सापडलं. हवाईदलाचा माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश २६ जुलै २०२३ ला तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या कमिटीपुढे शपथेवर बोलला हे बरोबर, कोसळलेली यानं आणि मानवेतर जैविक अवशेष वगैरे सांगितलं हेही बरोबर. पण यातलं मी स्वतः पाहिलेलं नाही, आत काम करणाऱ्यांनी मला सांगितलं, असंही तोच म्हणाला होता की. ते वाक्य लेखकमहाशयांनी नेमकं गाळलंय. आणि एक माजी अधिकारी बोलला म्हणजे सरकारने कबूल केलं असं कसं होतं हो? पेंटागॉन, म्हणजे त्यांचं संरक्षण खातं, तर तेव्हाही नाहीच म्हणत होतं.

मी काही या विषयाला नाक मुरडणारा माणूस नाही. तसा असतो तर तिकडच्या एका सरकारी ऑफिसकडे माहिती मागायला कशाला गेलो असतो? त्यांचा माहितीचा कायदा १९६६ चा आहे आणि अर्ज करायला अमेरिकन नागरिक असावं लागत नाही, खरं तर वाचकांच्या उपयोगाची हीच एक गोष्ट होती आणि तीच लेखात नाही. तर मी अर्ज केला, नौदलाच्या वैमानिकांना दिसलेल्या वस्तूंच्या नोंदी द्या म्हणून. कायद्यात उत्तराला कामकाजाचे २० दिवस लिहिलेत. त्यात आली फक्त पोच, की तुमचा अर्ज रांगेत आहे. मग ती रांग काही हलेना, आणि मध्येच एक ईमेल की तुम्हाला अजून यात इंटरेस्ट आहे का, कळवलं नाहीत तर फाइल बंद करू. आहे ना बाबा इंटरेस्ट, म्हणून तर बसलोय! शेवटी एकदाची पीडीएफ आली, उघडली तर पानं काळी. वर तारीख, तीही अर्धी, खाली पान नंबर, आणि मार्जिनमध्ये बारीक अक्षरात बी-१, बी-१, बी-१, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेचं कलम. एका पानावर मधोमध एक ओळ सोडली होती, तिच्यात काय, तर हवामान स्वच्छ. एवढी वाट बघून मला कळलं काय तर त्या दिवशी ढग नव्हते! माझा दुसरा एक मुद्दा होता त्याला उत्तर असं की असे कागद आहेत हेही आम्ही सांगणार नाही आणि नाहीत हेही सांगणार नाही. याला तिकडे ग्लोमार उत्तर म्हणतात, सीआयएने १९७४ मध्ये बुडालेली रशियन पाणबुडी गुपचूप वर काढायला ज्या नावाचं जहाज वापरलं त्यावरून. पाणबुडीसाठी काढलेली पळवाट अजून चालू आहे, आणि आमच्यासारख्याच्या डोक्यावर मारली जाते.

डोकं फिरलं माझं, नाही असं नाही. पण म्हणून त्या काळ्या पट्ट्यांखाली परग्रहवासी बसलाय असं मी कसं म्हणू? त्यांचा कॅमेरा किती लांबचं बघतो, रडार काय पकडतं, विमान कुठे होतं, हे त्यांना लपवायचं असतं. अमेरिकेतल्या रोझवेल गावाचंच बघा. ८ जुलै १९४७ ला लष्करी तळानेच तबकडी सापडली म्हणून बातमी दिली आणि लगेच फिरवून हवामानाचा फुगा केला. १९९४ ला हवाईदलाने स्वतःच लिहिलं की ते बहुतेक प्रोजेक्ट मोगलचं सामान, सोव्हिएत अणुचाचण्यांचे आवाज टिपायला मायक्रोफोन लावून सोडलेले फुगे. म्हणजे खोटं बोलले हे नक्की, पण बोलले ते मायक्रोफोनसाठी. खूप उंचावरून हेरगिरी करणाऱ्या यू-२ विमानांचं तेच, साठ हजार फुटांच्या वर काहीतरी चमकताना लोकांना दिसायचं आणि सरकार सांगायचं की बर्फाचे कण असतील. पन्नाशी-साठीच्या दशकातल्या अर्ध्याहून जास्त तबकड्या म्हणजे आमचीच विमानं, असं सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ ला लिहून टाकलंय, तो आकडा मला जरा फुगवलेलाच वाटतो, पण असो. इतकी वर्षं थापा मारल्यावर आता खरं बोलले तरी कोण विश्वास ठेवणार, ही त्यांचीच करणी.

आणि लेखातली ती 'दडपलेली' ७०१ प्रकरणं! अहो, १२,६१८ पैकी ती ७०१ प्रकरणं तबकड्यांची चौकशी करणाऱ्या हवाईदलाच्या ब्लू बुक प्रोजेक्टनेच उलगडा झाला नाही म्हणून नोंदवलीत, १९६९ ला प्रोजेक्ट बंद झाला आणि फाइली त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, कोणीही जाऊन बघावं. दडपायची ही अजबच पद्धत. उलट ज्यावर खरंच विचार करायला हवा ते नोव्हेंबर २००४ चं अमेरिकी नौदलाच्या निमिट्झ या विमानवाहू जहाजाचं प्रकरण, वैमानिक कमांडर फ्रेवरसकट दोन विमानांतल्या चार जणांनी समुद्रावर ती पांढरी लांबट वस्तू डोळ्यांनी पाहिली, त्याला तुमच्याकडे दीड ओळ. ते प्रकरण मलाही नीट सुटत नाही, कबूल. लपवाछपवीवरच लिहायचं होतं तर २०२३ ला सिनेटमध्ये शूमर आणि राउंड्स या सदस्यांनी हे कागद खुले करायला नऊ जणांचं मंडळ नेमा म्हणून प्रस्ताव आणला होता आणि शेवटी त्यातून मंडळच कापून टाकलं गेलं, त्यावर लिहायचं. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेने २००७ ला आपल्या फाइली इंटरनेटवर टाकल्या, त्यांचं काय बिघडलं?

आता विषय निघालाच आहे तर लेखासोबतचं ते चित्र. प्रकाशाचा झोत टाकणारी तबकडी, खाली हात वर केलेला माणूस, त्याच्या एका हाताला सहा बोटं, आणि ओळ काय तर 'संग्रहित छायाचित्र'. कोणाच्या संग्रहातलं हो? काँप्युटरकडून काढून घेतलंय तर तसं लिहा ना. मागच्या वेळी माझं पत्रही असंच अर्धं कापून छापलंत, मुद्दा गेला आणि नमस्कार तेवढा राहिला.

लेखाखाली 'पूर्वार्ध' असं छापलंय. उत्तरार्धात अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या पेंटागॉनच्या आरो ऑफिसचा मार्च २०२४ चा रिपोर्ट घ्या, परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा काही पुरावा नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पटत नसेल तर का पटत नाही तेही लिहा, मी वाचीन.

आपला,
एक जुना वाचक