गणेश पेठेतल्या मावशींना, खड्यांच्या हिशेबासह

मावशी, नमस्कार.

एवढं लांबलचक पत्र तुम्ही मोबाइलवर वाचणार नाही, हे मला माहीत आहे. नातू वाचून दाखवील. परवा पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात येऊन गेले, तर तुमच्या गाळ्यावर ताडपत्री ओढलेली. शेजारचे दादा म्हणाले, लेकीचं बाळंतपण आहे, अलिबागला गेल्यात, महिना तरी लागेल. माझी सुट्टी आठवड्याची, रविवारी परत निघायचं. म्हणून लिहायला बसले. आणि चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. समोर उभी राहून आभार मानले असते, तर "बाजूला हो, गिऱ्हाईक खोळंबलंय" एवढ्यावर तुम्ही विषय मिटवला असता.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला बांगडा आणि सुरमई यांतला फरकही धड सांगता येत नव्हता. आमच्या घरी मासा नाही. आजीच्या गळ्यात माळ, दर आषाढीला आळंदीहून पायी निघणारी बाई ती. तिची नात मात्र प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून बसलेली, आणि माशांचं वय मोजायच्या कामासाठी परदेशातल्या एका प्रयोगशाळेला मुलाखत दिलेली. त्यांनी विचारलं, आजवर हाताने किती ओटोलिथ काढलेत? एकही नाही, म्हणाले. मग सहा महिन्यांत तीनशे काढून फोटो पाठव, पुढचं नंतर बोलू, असं उत्तर आलं. कॉलेजात आम्हाला मासा दाखवला होता तो फॉर्मॅलिनच्या बरणीत, तोही काचेबाहेरून.

ओटोलिथ म्हणजे तुम्ही ज्याला डोक्यातला खडा म्हणता तो. माशाचा कान बाहेरून दिसत नाही, कवटीच्या आत असतो, आणि त्यात चुनखडीचे खडे असतात. एकूण तीन जोड्या, त्यातली एक बहुतेक माशांत चांगली ठसठशीत. मासा ऐकतो आणि पाण्यात तोल सांभाळतो तो त्यांच्या जोरावर. मासा वाढेल तसे खड्यावर थर चढत जातात, झाडाच्या बुंध्यात वर्षाचं कडं पडावं तसे. एकदा चढलेला थर शरीर परत शोषून घेत नाही, त्यामुळे लिहिलेलं पुसलं जात नाही.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांत मोठ्या डोक्याकडे बोट दाखवलं. डोकं मोठं तर खडा मोठा, एवढीच माझी अक्कल. ती घोळ मासळी होती. "मांजरीला एवढं महागाचं?" तुम्ही विचारलंत. अभ्यासाला, म्हटल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून दिलंत. घरी आजी बसलेली, म्हणून गच्चीत नेऊन ते हातोडीने फोडलं. एका बाजूच्या खड्याचा भुगा झाला, दुसरा वाचला. गच्ची तीन दिवस धुवावी लागली ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी येऊन हे सांगितलं तेव्हा तुम्ही कोयता खाली ठेवून हसलात. मग एक ढोमा उचललात, उताणा धरलात, कल्ल्यावरचं झाकण अंगठ्याने वर केलंत, कल्ले बाजूला सारलेत. आत मागच्या अंगाला हाडाचा फुगवटा होता. त्यावर कोयत्याचं टोक टेकवून नुसतं दाबलंत. टक् झालं, आणि हाडाची वाटी उघडून आतून पांढरा शुभ्र खडा निघाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. पाण्यात खळबळून माझ्या तळहातावर ठेवलात आणि ढोमा पुन्हा पाटीत मांडलात. कुठे काही केलंय असं दिसतही नव्हतं. "डोकं फोडलंस तर ते घेईल कोण? डोक्याचं कालवण करणारी गिऱ्हाइकं आहेत माझी." हा खडा तुम्हाला ठाऊक कसा, तर लहानपणी घोळीच्या खड्यांनी सागरगोटे खेळायचात म्हणून. नंतर पाहिलं, तर मासा विकायचा असेल तेव्हा डोकं न बिघडवता कल्ल्यांतून खडा काढायची ही रीत अभ्यासकही वापरतात. मी ती शिकले ती तुमच्या ओंडक्यावर.

पुढचे पाच महिने दुपारची गर्दी ओसरली की मी यायचे. तुम्ही डोकी वेगळी ठेवायचात, मी खडे काढून ती तशीच परत द्यायचे. ढोम्यांनी हात बसवला. बांगड्याच्या खड्याने रडवलं, केवढासा तो, शिंक आली तरी हरवायचा. सुरमईचा तर एवढ्या मोठ्या माशात तेवढाच. उजनीची चिलापी तुम्ही आपणहून दिलीत, "हीपण कर, हीपण मासाच आहे" म्हणून. सगळे मिळून ३१२ झाले. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवले होते. आजीने एक दिवस बाटली हलवून पाहिली आणि डॉक्टरांनी औषध बदललं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. पांडुरंग माफ करील.

याच दिवसांत तुम्ही एकदा विचारलंत, "दगड मोजून कुणाचं पोट भरणार, पोरी?" मी पुस्तकातलं काहीतरी सांगितलं. मत्स्यसाठ्यांचं शास्त्रीय व्यवस्थापन वगैरे. "असं होय," म्हणालात आणि वाटे लावायला लागलात. माझं उत्तर पोचलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. ते देणं राहिलंय.

आता मी ज्या माशाचे खडे मोजते तो दक्षिण ध्रुवाकडे रॉस समुद्रात राहतो. अंटार्क्टिक टूथफिश. पुरा वाढला तर तुमच्या फळीवर मावणार नाही, शंभर किलोच्या वरही जातो. तिथलं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत उतरतं. खारट असल्याने ते तेवढ्या थंडीतही पाणीच राहतं, पण आपल्याकडचा मासा तिथे आतून गोठून जाईल. याच्या रक्तात असं प्रथिन असतं की ते बर्फाच्या बारीक कणाला चिकटतं आणि त्याला वाढू देत नाही. तिथल्या बोटी गळांची लांबच लांब दोरी हजार-दीड हजार मीटर खोल सोडतात. बोटीवर निरीक्षक असतात. ते ठरावीक माशांची लांबी मोजतात, नर की मादी पाहतात, खडे काढून पाकिटात घालतात. ती पाकिटं आमच्या टेबलावर येतात. आम्ही खडा भाजतो, राळेत बसवतो, बरोबर मधोमध कापतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कडी मोजतो. दोघांनी मोजायचं, एकमेकांना न सांगता. गेल्या महिन्यातल्या एका खड्यावर मी ३१ मोजली, शेजारचीने ३३. कोणाचंही खरं धरलं तरी तो मासा माझ्यापेक्षा मोठा. मी त्याच्याकडे जरा वेळ नुसतीच बघत बसले.

आता तुमचं उत्तर. बांगडा वर्षा-दोन वर्षांत गाभोळीवर येतो, म्हणजे अंडी धरायला लागतो. या टूथफिशची मादी पहिल्यांदा गाभोळीवर येते ती साधारण १६-१७ वर्षांची झाल्यावर. लांबीकडे बघून कोणाला वाटेल, चांगला मोठा मासा आहे, काढा. खड्याकडे बघितलं की कळतं, अजून हिने एकदाही अंडी सोडलेली नाहीत. हे न बघता काढलं की काय होतं, ते त्या बाजूच्या समुद्राने पाहिलंय. दक्षिण जॉर्जिया नावाच्या बेटाभोवती १९६९-७० च्या एकाच हंगामात सोव्हिएत बोटींनी रॉककॉड जातीचा सुमारे ४ लाख टन मासा काढला. पुढे मासा मिळेनासा झाला, आणि १९८५ मध्ये त्याची मासेमारीच बंद करावी लागली.

तिथल्या मासेमारीवर लक्ष ठेवायला १९८२ पासून देशांचा एक आयोग आहे, कचेरी टास्मानियात होबार्टला. आपला देशही त्यात आहे, आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय तिथे काही ठरत नाही. (सगळ्यांचं एकमत! आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरसुद्धा होत नाही.) त्यांचा टूथफिशचा नियम असा: आज इतके टन काढले, तर ३५ वर्षांनंतर अंडी देणारा मासा मूळच्या निम्मा तरी उरला पाहिजे. उरत नसेल तर टन कमी करा. आता ३५ वर्षं पुढचं गणित मांडायचं तर मासा किती वर्षांचा होतो, कधी गाभोळीवर येतो, दर वर्षी किती वाढतो, हे लागतंच. ते येतं खड्यातून. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा तुम्ही गाळ्यावर उजनीचा मासा लावता आणि कुरकुरता, पण बंदी नको असं तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही. उलट पापलेटं दर वर्षी बारीक होत चालल्याचं तुम्हीच हाताने मापून दाखवायचात. तिकडे तेच काम खडा करतो, मावशी.

तुम्ही विचारलं होतंत, तिकडे आपलं कोण जातं? डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून अंटार्क्टिकाला पहिली भारतीय मोहीम निघाली, तिचे नेते डॉ. कासिम. मूळचे माशांचेच अभ्यासक. हे ऐकून तुम्ही "मग बरोबर" म्हणाला असता.

आणि एक गंमत. या टूथफिशचा भाऊबंद, थोडा उत्तरेला राहणारा, या नावाने कोणी घेईना. १९७७ मध्ये एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याला 'चिलियन सी बास' म्हणून विकायला काढलं आणि मोठ्या हॉटेलांत तो सोन्याच्या भावाने खपू लागला. बास जातीशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही स्वस्तातला बासा मासा कधी रावस म्हणून खपवला नाहीत, हे इथे सांगायलाच हवं.

शेजारच्या दादांकडे एक डबी ठेवलीय. टूथफिशचे खडे मला आणता येत नाहीत, ते प्रयोगशाळेचे. डबीत घोळीचे पाच आहेत, तुमच्याच गाळ्यावरचे, सागरगोटे खेळायला पुरतील. नवं नातवंड अजून तान्हं आहे, तोंडात घालील, तेव्हा आत्ता वर फळीवर ठेवा. सहावा होता तो मी हातोडीने फोडला. त्या डोक्याचे पैसे तुम्ही घेतले नव्हतेत, तेही डबीत आहेत.

तुमची,
खडेवाली पोरगी