काका, बॅटरी धरल्याबद्दल

प्रिय काका,

तुम्हाला हे असलं लिहिलेलं आवडणार नाही हे माहितीये. समोर आभार मानायला लागलं की तुम्ही काकूंना हाक मारून चहा टाकायला सांगता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांना वाचता येईल असं, म्हणजे मधेच थांबवायला तुम्ही नाही.

गाडीचा उजवा इंडिकेटर आता एकदम व्यवस्थित चालतोय. दीड महिना झाला, ऑगस्टचा सगळा पाऊस झाला, रोज वाई ते पाचगणी आणि परत, एकदाही दगा नाही.

पण सुरुवात कुठून झाली ते मी तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही. तुम्हाला एवढंच माहिती होतं की स्विच खराब आहे. झालं असं की जुलैमधे पसरणी घाटात, संध्याकाळी शाळेतून उतरताना, धुकं इतकं की पुढच्या वळणाचा कठडासुद्धा दिसत नव्हता, आणि मला उजव्या बाजूला मोकळी जागा होती तिथे गाडी घ्यायची होती कारण काचेवर आतून वाफ धरलेली. मी इंडिकेटरची दांडी खाली ओढली, टिकटिक ऐकू आली का नाही ते पावसात कळलं नाही, आणि वळवायला लागले तर मागून एक मोटारसायकलवाला उजवीकडूनच पुढे निघालेला. त्याचा आरसा माझ्या आरशाला घासला. पडला नाही तो, सावरला, पुढे जाऊन थांबला आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं फक्त. वीस-बावीसचा असेल. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. त्याची काही चूक नव्हती, त्याला माझा इंडिकेटर दिसलाच नव्हता कारण तो लागलाच नव्हता, आणि गेले तीन आठवडे तो कधी लागतो कधी नाही हे मला माहिती होतं. माहिती असून मी चालवत होते. ती रात्र मला झोप लागली नाही काका.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली. त्यांनी बोनेटसुद्धा उघडलं नाही, दांडी दोनदा वरखाली केली आणि सांगितलं की स्विचची अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, साडेतीन हजार, आणि मॉडेल २०११ चं असल्यामुळे पार्ट मागवावा लागेल, आठ-दहा दिवस. तोपर्यंत काय करू विचारलं तर म्हणाले हात दाखवा. हात दाखवून मी चार दिवस चालवली. उजवीकडे सरळ हात, डावीकडे वळायचं तर उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, लायसन्सच्या वेळेस पाठ केलेलं सगळं आठवलं, पण घाटातल्या धुक्यात हात कोणाला दिसतो? आणि बाही कोपरापर्यंत ओली.

तुम्ही मला त्या ओल्या बाहीवरूनच विचारलंत. फाटकाशी उभे होतात. "आगं पाऊस थांबलाय की आता, तू कुठं भिजलीस?"

आणि मग मी सांगितल्यावर तुम्ही गाडीकडे आला पण नाहीत. तिथेच उभं राहून तीन प्रश्न विचारलेत, ते मला शब्दन् शब्द आठवतायत. डावा नीट लागतो का? लागतो. मग फ्यूज आणि फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारा भाग, बरा आहे. हॅझर्डचं, म्हणजे दोन्हीकडचे इंडिकेटर एकदम लावायचं, बटण दाबल्यावर उजवीकडचे दिवे लागतात का? मी लावून बघितलं, पुढचा, मागचा, बाजूचा छोटा, सगळे लागले. मग बल्ब बरे आहेत आणि तिथवर जाणारी वायर बरी आहे. टिकटिक मोज मिनिटभर. मोजली, ८४ आली. ६० ते १२० च्या आत असली की ठीक, बल्ब उडाला असता तर घाईघाईने वाजली असती, म्हणालात. राहिलं काय मग? मी म्हटलं स्विच. तुम्ही म्हणालात, "बघ, तुझं तुलाच कळालं."

मला वाटलं आता तुम्ही दुरुस्त करून द्याल. एसटीच्या वर्कशॉपमधे, आधी दापोडीला आणि मग इकडे, तुम्ही आयुष्यभर गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम केलेलं, तुम्हाला हे अर्ध्या तासाचं. पण रविवारी सकाळी तुम्ही आलात ते एका हातात १० नंबरचा पाना आणि दुसऱ्या हातात बॅटरी, ती जुनी लांबडी स्टीलची, आणि पाना माझ्या हातात दिलात. "तू कर. मी उजेड धरतो."

आभार मला या गोष्टीचे मानायचेत. दोन रविवार मिळून पाचेक तास तुम्ही त्या दाराशी वाकून उभे राहिलात, गुडघे दुखत असताना, आणि स्क्रू ड्रायव्हर एकदाही माझ्या हातातून घेतला नाहीत. आमच्याकडे घरात कोणीही, अगदी चांगल्या मनाची माणसंसुद्धा, मी काही उघडायला बसले की पाच मिनिटांत "आण इकडे" म्हणतात. तुम्ही नाही म्हणालात. स्टिअरिंगखालच्या कव्हरचा तिसरा स्क्रू मला सापडत नव्हता, दोन काढले तरी कव्हर हलेना, मी जोर लावणार तेवढ्यात तुम्ही काही न बोलता फक्त उजेड थोडा डावीकडे सरकवलात. तिथे खोल भोकात होता तो स्क्रू. असं तुम्ही किती वेळा केलंत ते माझ्या लक्षात आहे.

आणि सगळ्यात आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायला लावलंत, गाडीच्या बॅटरीचं, आणि आमच्या गाडीत एअरबॅग नाही हे स्वतः बघून खात्री केलीत. माझ्या बहिणीची नवी गाडी आहे, तिचंही असंच करू का विचारलं तर पहिल्यांदाच तुमचा आवाज चढला. एअरबॅगची पिवळी वायर दिसली की हात मागे घ्यायचा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्या सगळ्यांच्या स्टिअरिंगमधे ती बसलेली असते आणि स्विचच्या पुढे तिची गुंडाळलेली पट्टी असते, ती तुटली किंवा चुकीची फिरली तर वेळेला एअरबॅग उघडणारच नाही. ते काम जाणकाराकडेच. हे वाचून कोणी उत्साहात पाना हातात घेणार असेल तर हे आधी वाचा, काकांच्या वतीने सांगतेय.

आता मल्टीमीटरचं, म्हणजे वीज मोजायच्या आणि जोड लागला की बीप करणाऱ्या मीटरचं. मी शाळेतून आणला होता, मोठ्या विश्वासाने. कनेक्टर काढला (वायर ओढायची नाही, खटका दाबून सॉकेटला धरून काढायचं), स्विचच्या पिनांना मीटर लावला, दांडी डावीकडे केली, बीप. उजवीकडे केली, बीप. मी तशीच बसून राहिले. म्हणजे स्विच चांगला? मग इतका वेळ आपण काय करतोय? तुम्ही म्हणालात थांब, आणि घरी जाऊन तुमचा टेस्ट लॅम्प घेऊन आलात, एका होल्डरमधे २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी, बाकी काही नाही, वायरीला इन्सुलेशन टेपचे इतके थर की मूळ रंग कळत नव्हता. सोबत मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी. आता स्विचमधून बल्ब लाव म्हणालात. डावीकडे लख्ख. उजवीकडे तारेला नुसता तांबडा रंग आला, चुलीतला निखारा राखेखाली दिसतो ना तसा, आणि दांडी जरा हलवली की तोही गेला.

मी दहावीला विद्युतधारा शिकवते काका, बारा वर्षं. वॅट भागिले व्होल्ट बरोबर अँपिअर हे मी किती फळ्यांवर लिहिलं असेल. पण मीटर बीप करायला धाग्याएवढा करंट सोडतो, तेवढा स्विचमधल्या त्या काजळलेल्या कॉन्टॅक्टमधून, म्हणजे एकमेकींना टेकणाऱ्या पट्ट्यांमधून, सहज जातो, आणि पुढचा मागचा २१-२१ वॅटचे आणि बाजूचा ५ वॅटचा, म्हणजे ४७ वॅट, जवळजवळ चार अँपिअर, ते जायची वेळ आली की एका ओहमचा अडथळासुद्धा तीन व्होल्ट तिथल्या तिथे खाऊन टाकतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. उजवा लागायचा तेव्हासुद्धा मंद का लागायचा तेही तेव्हाच कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात की मीटर खोटं बोलत नाही पण त्याला विचारावं लागतं बरोबर. मी ते वहीत लिहून ठेवलंय.

स्विच उघडताना तुम्ही पारदर्शक प्लास्टिकची पिशवी दिलीत आणि पिशवीच्या आत हात घालून उघडायला लावलंत. मला कारण कळेना. कव्हरचे खटके सुटले आणि टक्क करून काहीतरी पिशवीला आतून लागलं. छर्रा, मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आणि त्याच्यामागची स्प्रिंग. दांडी जागेवर बसताना जो खट्ट आवाज येतो तो त्या दोघांचा. पिशवी नसती तर तो छर्रा सीटखाली नाहीतर गटारात गेला असता, आणि तो मिळाला नाही म्हणून खरोखरच साडेतीन हजार घालायची वेळ आली असती.

आतलं ग्रीस वाळून काळं आणि चिकट झालेलं, उदबत्तीच्या राखेत तेल कालवावं तसं. तांब्याच्या पट्ट्या, डावीकडची नुसती मळलेली आणि उजवीकडची काळी पडून तिला बारीक खड्डे पडलेले, दरवेळी जोडताना-तोडताना ठिणगी पडून पडून. उजवीकडचीच का ते मी विचारलं नाही, पण नंतर वाटलं, घाट चढताना ट्रक आणि एसटी ओलांडायला रोज उजवाच लागतो.

पॉलिश पेपर घ्यायला निघाले तर नाही म्हणालात, वरचा मुलामा निघून जातो. पेट्रोलही नाही, प्लास्टिकला चालत नाही. अडीचशे रुपयांचा कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, कान साफ करायच्या काड्या, आणि खोडरबर! माझ्या पर्समधे असतोच. खोडरबराने घासत बसले आणि हळूहळू काळ्यातून तांबूस पिवळा रंग वर आला, तुम्ही उजेड अजून जवळ आणलात आणि आपण दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

मग पट्टी नखाने किंचित वर उचलायची, म्हणजे दाब येतो, आणि सरकणाऱ्या जागी प्लास्टिकला चालणारं पातळ ग्रीस, तेही काडीच्या टोकावर मावेल एवढंच. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस घालून लोक स्विच घालवतात म्हणालात.

पहिल्या रविवारी बसवला तेव्हा उजवा लख्ख लागला आणि मी ओरडलेच. पण स्टिअरिंग फिरवून सरळ केल्यावर दांडी परत येईना. तशी चालेल की, हाताने बंद करीन, असं मी म्हणाले, अंधार पडत आलेला, तुमची पाठ दुखत असणार. तुम्ही म्हणालात, "चालंल, पन इसरशील. मागचा मानूस काय समजंल?" वळण संपल्यावरही लुकलुकत राहिलेला इंडिकेटर म्हणजे खोटं सांगणं, न लागण्याइतकंच वाईट. दुसऱ्या रविवारी परत उघडला, पिशवीत हात घालून, दांडी परत आणणाऱ्या खटक्याची स्प्रिंग मी उलटी बसवली होती. तुम्हाला पहिल्याच वेळी दिसली असणार असा माझा अंदाज आहे, पण तुम्ही मला ती शोधू दिलीत.

आणखी एक, धुक्यात घाटात सगळे जण हॅझर्ड लावून चालवतात, मीही लावायचे. चालत्या गाडीत हॅझर्ड लावला की कुठे वळणार ते मागच्याला कळायचा मार्गच बंद होतो हे तुम्ही सांगितल्यापासून मी फक्त गाडी उभी असताना लावते, स्टाफरूममधल्या चौघींनाही सांगितलंय.

पैशाचं तुम्ही बोलूच दिलं नाहीत. "आमी काय दुकान काढलंय का," एवढंच. म्हणून तुमच्या टेस्ट लॅम्पसारखा एक मी स्वतः बनवलाय, होल्डर, २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी, आणि मागच्या आठवड्यात तो वर्गात नेला. बाकावर एक काळा पडलेला कॉन्टॅक्ट, एक साफ केलेला, आधी मीटर लावला, दोन्हीला बीप, मग लॅम्प. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर विज्ञानाच्या तासाला कधी बोलली नाही, ती उठून पुढे आली आणि म्हणाली बाई मला करू द्या. मी तिच्या हातात वायरी दिल्या आणि मोबाईलचा उजेड धरला.

तुमचा १० नंबरचा पाना माझ्याकडेच राहिलाय. रविवारी आणून देते, आणि तुमच्या स्कूटरचा मागचा दिवा मंद लागतो असं काकू म्हणत होत्या, तो बघू. उजेड मी धरेन.

तुमची,
मागच्या गल्लीतली बाई